नागपूरजवळ कॅराव्हॅन घेऊन मुक्काम करायचा आहे, जागा सुचवा

निंबोणी

नमस्कार मंडळी. डिसेंबरात मामेबहिणीचं लग्न आहे नागपूरला. नेमके हिवाळी अधिवेशनाचे दिवस, त्यामुळे शहरातल्या खोल्या आत्ताच मिळेनाशा झाल्यात. आम्ही पुण्याहून कॅराव्हॅन भाड्याने घेऊन येणार आहोत. सोबत आई-बाबा (दोघंही सत्तरीपुढचे, आईचे गुडघे दुखतात), नवरा आणि दोन पोरं. गाडीत चौघं झोपू शकतात. नवरा आणि मोठा मुलगा बाजूला तंबू टाकतील.

जागा अशी हवी की शहर तासाभरावर असावं, पण सकाळी उठल्यावर झाडं दिसावीत, जमल्यास तळं. माझं माहेर आर्वीकडचं. लहानपणी वावरात जागलीला गेलेली मी, पोरांनी मात्र रात्रीचं शिवार पाहिलेलंच नाही. ते त्यांना दाखवायचं आहे. हॉटेलच्या पार्किंगात गाडी लावून झोपायची इच्छा नाही.

रात्री गाडी कुठे उभी करू देतात? पाणी कुठे भरायचं? आणि स्पष्टच विचारते, गाडीतल्या संडासाची टाकी कुठे रिकामी करायची? गाडीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "रस्त्यात कुठेही करा." ते मला पटलेलं नाही.

तर्री_पोहे

गोरेवाडा! शहराला लागून जंगल आणि तलाव. यापेक्षा जवळ काय पाहिजे?

संत्रानगरीकर

तर्रीभाऊ, गोरेवाडा जवळ आहे, पण मुक्कामाचा नाही. २६ जानेवारी २०२१ ला तिथं प्राणिसंग्रहालय आणि सफारी सुरू झाली. सकाळी जायचं, बसमध्ये बसून वाघ-बिबटे पाहायचे, संध्याकाळी घरी. पोरांना एक दिवस जरूर न्या, मुक्काम मात्र दुसरीकडे शोधा.

मी रामटेकची बाजू सुचवेन. नागपूरहून ५० किलोमीटरच्या आसपास. गडावर मंदिर, खाली खिंडसी तलाव, आणि मनसरला वाकाटकांच्या काळातले उत्खननातले अवशेष. हे सगळं एका दिवसात आरामात होतं. आईंना गडाच्या पायऱ्या नकोत, गाडी बरीच वरपर्यंत जाते. एमटीडीसीचं निवासस्थान आहे रामटेकला. आवारात कॅराव्हॅन लावू देतात का, वीज-पाणी देतात का, हे फोन करून आधी पक्कं करा.

त्रिपुरी पौर्णिमेला तिथं मोठी यात्रा भरते, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. तुमचं डिसेंबरात आहे, त्यामुळे ती गर्दी ओसरलेली असेल.

बफरचा_शेजारी

ताई, रामटेकहून थोडं पुढे या. जबलपूर रस्त्याने पवनीहून आत वळलं की सिल्लारी. पेंचचं हे गेट नागपूरहून ७० किलोमीटरच्या घरात आहे.

पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण दरवर्षी हिवाळ्यात हे पाहतो. अभयारण्याच्या हद्दीत रात्री गाडी थांबवून झोपता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यात परवानगीशिवाय आत शिरायलाच बंदी आहे, मग मुक्काम तर लांबच. लोक गाडी रस्त्याच्या कडेला सागवानात घालतात, चूल पेटवतात, मोठ्यानं गाणी लावतात. मग वनरक्षक आला की "आम्हाला माहीत नव्हतं". माहीत करून घ्यायला पाहिजे. बफरमधल्या, म्हणजे जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या गावात, खासगी जागेत, मालकाला विचारून राहा. ते चालतं.

सिल्लारीकडे यायचं दुसरं कारण म्हणजे आभाळ. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे तोंड करून लावलेत. डिसेंबरातल्या अमावस्येच्या मागेपुढे आलात तर रात्री ९ नंतर मृग नक्षत्र असं चढतं की पोरांना बोट दाखवून शिकवायची गरज पडत नाही. फक्त गाडीच्या छपराखालचा तो पांढरा पट्टीचा दिवा बंद ठेवा. आम्ही गावाने आमचे दिवे वळवून घेतले आहेत, पाहुण्यांनीही तेवढं करावं.

रोखठोक_वर्धेकर

माझं मत वेगळं आहे. आपल्याकडे कॅराव्हॅनची गरजच काय? गाव तिथं धर्मशाळा, देवस्थान तिथं भक्तनिवास. शेगावला जा, रामटेकला जा, स्वच्छ खोली मिळते. एवढी मोठी गाडी गावच्या रस्त्यावर आणायची, बोअरचं पाणी भरून घ्यायचं, घाण टाकून जायची. गावाला यातून काय मिळतं?

निंबोणी

रोखठोकदादा, प्रश्न रास्त आहे, म्हणूनच इथं विचारून येते आहे. आईला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. भक्तनिवासात संडास व्हरांड्याच्या टोकाला असला की ती पाणीच पीत नाही. गाडीत चार पावलांवर सोय आहे. तिच्यासाठी हाच फरक आहे. गावाला काय मिळावं हे गावानेच सांगावं, आम्ही पैसे देऊ.

नदीपार_प्राजक्ता

मी इंग्लंडात पीटरबरोला राहते, मूळची भंडाऱ्याची. निंबोणी जे शोधते आहे ते इथं रोज डोळ्यासमोर असतं म्हणून लिहिते.

आमच्या गावाबाहेर नीन नदीच्या काठी फेरी मेडोज नावाचं मोठं उद्यान आहे. १९७८ साली लोकांसाठी खुलं झालं. तळी, कुरणं, झाडी, आणि नीन व्हॅली रेल्वेची वाफेची गाडी मधूनच जाते. शहराचं कॅथेड्रल चार-पाच किलोमीटरवर. या उद्यानातच कॅराव्हॅन क्लबची साईट आहे. आई-बाबा आले होते तेव्हा आम्ही तिथं राहिलो.

काय असतं तिथं? खरं तर फार काही नसतं. गाडी उभी करायला खडीची घट्ट जागा. दोन गाड्यांत ६ मीटरचं अंतर, आगीच्या भीतीने. प्रत्येक जागेजवळ विजेचा खांब, त्यावर १६ अँपिअरचा निळा गोल प्लग. पिण्याच्या पाण्याचे नळ वेगळे. सांडपाणी ओतायची जागा वेगळी. संडासाची टाकी रिकामी करायची जागा तिसरीच, आणि तिथं टाकी विसळायला जो नळ आहे त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की हे पिण्याचं पाणी नाही. साईट सांभाळणारे तिथंच राहतात. गाडी आली की जागा दाखवतात, रात्री आवाज वाढला की येऊन सांगतात.

बाबा एसटीत होते, डेपो सांभाळलेला माणूस. त्यांनी सगळी साईट चालून पाहिली आणि म्हणाले, "यात आपल्याला न जमण्यासारखं काय आहे? जागा आहे, मुरूम आहे, माणूस आहे. फक्त घाणीचं आणि चांगल्या पाण्याचं भांडं वेगळं ठेवायची शिस्त पाहिजे." मला तेव्हापासून वाटतं, रामटेकजवळ, नवेगाव बांधजवळ, बोरच्या बाहेर अशी एकेक साईट हवी. महागडं रिसॉर्ट नको, एवढंच हवं.

पांदण

प्राजक्ताताईचं वाचलं आणि लिहायचं ठरवलं. माझं वावर मनसरच्या अलीकडे, महामार्गापासून दीड किलोमीटर आत आहे. पेंचच्या कालव्याचं पाणी येते, धान घेतो. पण एक तुकडा बरड आहे, पाऊण एकराचा. नुसता मुरूम आणि दगड. वडिलांनी तिथं तूर लावून पाहिली, मी तीळ लावून पाहिला, काही येत नाही. चार मोहाची झाडं आहेत आणि एक चिंच, बस. पावसात आमच्या बांध्यांत ट्रॅक्टर फसते, पण त्या बरडावर पाणी थांबतच नाही.

ताई, तुम्ही या तिथं. पांदण रस्त्याला मागच्या वर्षी खडीकरण झालं, धानाचा भरलेला ट्रक जातो, तुमची गाडी आरामात येईल. पाणी बोअरचं आहे, घरचे तेच पितो. बाकी वीज-संडासाचं काय करायला लागते ते इथल्या जाणत्यांनी सांगा. मी हे मनापासून करून राहिलो. पुढे जमलं तर नेहमीसाठीच करीन म्हणतो.

तर्री_पोहे

पांदणभाऊ, तुमच्या बरडाला शेवटी पीक आलं म्हणायचं. चार चाकांचं!

व्होल्टभाऊ

विजेचं मी सांगतो, धंदाच तो आहे माझा.

पांदणभाऊ, सगळ्यात आधी हे वाचा: शेतीपंपाच्या जोडणीवरून कॅराव्हॅनला वायर देऊ नका. ती जोडणी सवलतीच्या दराची, पंपासाठी दिलेली. दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी होते, आणि ती जड जाते. शिवाय शेतीच्या फीडरवर वीज ठरलेल्या तासांनाच येते, कधी दिवसा, कधी रात्री. पाहुण्यांना हवी तेव्हा नसेल. रात्रपाळी असली की सगळ्या शिवारातले पंप एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज इतकं पडतं की गाडीतला फ्रीज नुसता घरघर करतो, थंड करत नाही. वेगळं मीटर मागा, व्यावसायिक दराचं. तोवर घरच्या मीटरवरून काम भागवायचं असेल तर आधी वायरमनला दाखवून घ्या.

खांबावर काय लावायचं: १६ अँपिअरचं सॉकेट, पाऊस-धुळीत चालणारं, झाकण असलेलं. प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), हा नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही. कॅराव्हॅनचं अंग पत्र्याचं असतं. आत कुठं वायर सोलली आणि अर्थिंग कच्चं असलं, तर बाहेरून ओल्या हाताने दार उघडणाऱ्याला झटका बसतो. बरड जमीन कोरडी आणि दगडाळ, तिथं अर्थिंगचा खड्डा नीट करावा लागतो. कोळसा-मीठ घालून किंवा तयार केमिकल अर्थिंग, आणि उन्हाळ्यात पाणी टाकायचं.

निंबोणीताई, तुमच्या बाजूने हिशेब असा. १६ अँपिअर म्हणजे साडेतीन किलोवॅटच्या थोडं वर. एसी आणि गिझर एकदम लावू नका. बॅटरीवर राहायचं तर १२ व्होल्ट १०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास, तेही कागदावर. साधी लेड-ॲसिड असेल तर अर्धीच वापरायची, नाहीतर लवकर बसते. एसी तासाभरातच ती खाऊन टाकेल. डिसेंबरात एसी लागणारच नाही म्हणा. दोन दिवे, मोबाइल, पाण्याचा छोटा पंप, एवढ्याला रात्रभर पुरते.

धुऱ्यावरची_बाभूळ

डिसेंबर म्हणून बरं. मे महिन्यात कोणी नागपूरकडे कॅराव्हॅन घेऊन येतो म्हणाला तर मी हात जोडीन. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदलं गेलं होतं. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पत्र्याच्या गाडीत माणूस राहू शकत नाही, रात्री ११ वाजताही भिंत हाताला चटका देते.

खारपाणी_अकोला

पाण्याबद्दल आमच्याकडचा अनुभव. आम्ही पूर्णेच्या खोऱ्यातले, खारपाणपट्ट्यातले. इथं बोअर मारलं की खारट पाणी. मागे एका कुटुंबाने वाटेत आमच्या गावात टाकी भरून घेतली, भला मोठा टँक. दुसऱ्या दिवशी परत आले, चहा नासला, पोरं पाणी पिईनात. त्यांना नळाचं पाणी दिलं, पण आधीचं सगळं वाया गेलं आणि पंपाच्या जाळीवर पांढरा थर बसला. तेव्हा समृद्धीवरून येताना अकोला-बुलढाण्याकडे उतरलात तर बोअरचं पाणी टाकीत घेण्याआधी एक घोट पिऊन पाहा. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइड आहे, ते तर चवीला कळतही नाही. पिण्याचं पाणी जारचं वेगळं ठेवा, टाकीचं धुण्या-अंघोळीला.

बाकी मेहकरला उतरून लोणार पाहून घ्या. १.८ किलोमीटर रुंदीचं विवर आहे, उल्केने पडलेलं. २०२० च्या जूनमध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं होतं ते तुमच्या पोरांनी बातम्यांत पाहिलं असेल. काठावरून पाहता येतं, आईंना खाली उतरायची गरज नाही.

वऱ्हाडी_ठेचा

कोणी जेवायचं बोलतच नाही! बरडावर मोहाखाली बसायचं आणि गाडीतल्या शेगडीवर मॅगी करायची का? पांदणभाऊ, गोवऱ्या आहेत ना? मग रोडगे लावा. कणीक घट्ट मळून, आत थरावर थर तेल लावून, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आमच्याकडे तर जागा पाहायच्या आधी गोवऱ्या पाहतात.

संत्रानगरीकर

रोडग्याला पानगे म्हणायचं की नाही यावर मागचा धागा ४ पानं गेला होता, इथं नको. 🙏 पण भाजीत सांबार भरपूर पाहिजे, त्यावर कोणाचं दुमत नसावं.

वऱ्हाडी_ठेचा

पुणेकरांनी गोंधळू नये, सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नव्हे.

निंबोणी

मी आर्वीची आहे हो, मला माहीत आहे! नवऱ्याला सांगून ठेवते.

शोषखड्डा

मी जिल्हा परिषदेच्या पाणी-स्वच्छतेच्या कामांवर बरीच वर्षं काढली. धाग्यातला खरा प्रश्न निंबोणीताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये विचारला होता, आणि सगळे रोडग्यावर गेले. टाकी कुठे रिकामी करायची?

कॅराव्हॅनमधून दोन प्रकारचं पाणी निघतं. एक भांडी-अंघोळीचं, साबणाचं. दुसरं संडासाच्या कॅसेटमधलं. ही कॅसेट म्हणजे बाहेर काढून नेता येणारी टाकी, साधारण १५ ते २० लिटरची असते, सहा माणसांत दीड-दोन दिवसांत भरते. "रस्त्यात कुठेही करा" हे ज्याने सांगितलं त्याच्या विहिरीशेजारी कोणी ती ओतली तर चालेल का?

पांदणभाऊ, साबणाच्या पाण्याला शोषखड्डा पुरे. तुमच्या बरडाचा फायदा इथं आहे. काळ्या मातीत शोषखड्डा केला तर पावसाळ्यात ती माती फुगते, पाणी मुरतच नाही, खड्डा डबकं होतो. मुरमात ते पाणी भराभर जातं. पण त्यातच धोकाही आहे: मुरमातून घाणही भराभर जाते. म्हणून संडासाचा खड्डा बोअर आणि विहिरीपासून लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या. १५ मीटर हे कमीत कमी समजा, मुरमात त्याहून जास्त ठेवा.

संडासासाठी दोन खड्ड्यांचं शौचालय गावोगाव आहे, तेच बांधा. एक भरला की दुसरा सुरू करायचा. वर्ष-दीड वर्षाने पहिल्यातलं खत होऊन निघतं, वास येत नाही. त्याला जोडून बाहेरच्या बाजूला कमरेएवढ्या उंचीवर एक रुंद तोंडाचं कुंड करा, त्यात कॅसेट ओततील. कुंडाला झाकण, आणि शेजारी विसळायला नळ. त्या नळाला लाल रंग द्या. प्राजक्ताताईंनी लिहिलेली पाटी तुम्हीही लावा, मराठीत आणि हिंदीत, कारण जबलपूर रस्त्यावरून येणारे निम्मे हिंदीवाले असतील.

एक मुद्दा गाडीवाल्यांसाठी. कॅसेटमध्ये निळं औषध टाकतात, त्यातल्या बऱ्याच औषधांत फॉर्मल्डिहाइड असतं. ते वास मारतं तसंच खड्ड्यातले जिवाणूही मारतं, मग खत होत नाही, नुसता साठा होतो. जैविक औषध मिळतं, तेच आणा. पांदणभाऊंनी ही अट घालावी आणि गाडी आत येण्याआधी बाटली पाहावी. संकोच करू नये.

रोखठोक_वर्धेकर

शोषखड्डाभाऊ, एवढं होणार असेल तर माझा आक्षेप मागे घेतो. माझी चीड गाड्यांवर नव्हती, त्यांच्या मागे उरणाऱ्या घाणीवर होती. आमच्या गावाजवळच्या एका फार्महाऊसवर दर शनिवारी डीजे लागतो, रविवारी सकाळी नाल्यात प्लास्टिकच्या पत्रावळी असतात. गुरं ते खातात. एक गाय त्यातच गेली. पंचायतीत सांगून झालं, काही झालं नाही. तेव्हा पांदणभाऊ, आवाजाचा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर लावता येत नाही.

बफरचा_शेजारी

रोखठोकदादांना पूर्ण पाठिंबा. आणि कचरा पाहुण्याने परत शहरात न्यावा. गावात तो जाळला जातो, दुसरी सोय नाही.

दवाखाना_देवलापार

मी याच पट्ट्यात प्रॅक्टिस करते, थोडं काळजीचं सांगते.

थंडीला हलकं घेऊ नका. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश होतं, आणि शेतात, पाण्याजवळ, शहरापेक्षा थंडी जास्तच. पण म्हणून कोळशाची शेगडी किंवा गॅस बंद गाडीत पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दुलया जास्त आणा. झोपताना वरची झडप बोटभर उघडी राहू द्या. काचेला आतून पाणी सुटलेलं दिसलं तर समजा हवा पुरत नाहीये.

तंबूतल्या दोघांसाठी: जमिनीवर नुसती सतरंजी नको, घडीची खाट घ्या, आणि तंबूची चेन दिवसाही बंद ठेवा. थंडीत साप कमी दिसतात, पण धानाच्या मळणीनंतर उंदीर येतात, आणि उंदरामागे मण्यार. तिचा दंश बहुतेक वेळा दुखतही नाही, सकाळी पापण्या जड होतात तेव्हा कळतं. तसं काही वाटलं तर मांत्रिक नाही, बांधाबांध नाही, चिरा देणं नाही. सरळ सरकारी रुग्णालय, तिथं प्रतिविष मोफत असतं.

काका-काकूंच्या गोळ्या सात दिवस जास्तीच्या ठेवा.

निंबोणी

डॉक्टरताई, शतशः आभार. नवरा तंबूवर ठाम आहे, पण खाट घेऊ.

गोंदियाचा_गडी

रानडुकरांसाठी शेजारच्या वावरात कोणी तारेत करंट सोडत असेल तर? आमच्याकडे माणसं गेली आहेत त्यात. पोरं रात्री बॅटरी घेऊन धुऱ्याकडे गेली तर काय?

पांदण

भाऊ, हा प्रश्न विचारला ते बरं केलं. आमच्या शिवारात दोघांकडे झटका मशीन आहे, ती बॅटरीवरची, थांबून थांबून झटका देणारी. तिनं डुक्कर पळते, जीव जात नाही. लाइनीवरून थेट करंट सोडणं गुन्हा आहे आणि आमच्याकडे कोणी करत नाही. तरी मी परवा दोन्ही शेजाऱ्यांना भेटून सांगितलं की पाहुणे येऊन राहिले. ते म्हणाले, त्या रात्री आमच्या बाजूची तार बंद ठेवू, जागल आम्ही करू. पोरांना जागल दाखवायची असन तर त्यांच्याच मचाणावर घेऊन जातो, सोबत मी राहीन. संध्याकाळनंतर बरडाबाहेर एकट्यानं कोणी जायचं नाही, एवढा नियम मात्र पक्का.

व्होल्टभाऊ

झटका मशीनची तार आणि तुमचं अर्थिंग जवळ आणू नका. दोन्हींचे खड्डे वेगळे आणि लांब.

संत्रानगरीकर

कागदपत्रांचं कोणी लिहिलं नाही. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चं आहे, त्यात खासगी जागेवरही कॅराव्हॅन पार्क उभारता येतं. त्याआधी २०२० ला कृषी पर्यटन धोरण आलं. दोन्हींची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे, नागपुरात विभागीय कार्यालय आहे. पांदणभाऊ, या वेळी ताई पाहुण्या म्हणून येतील ते ठीक, पण नेहमीसाठी करायचं तर सातबारा घेऊन तिथं एकदा जाऊन या, आणि ग्रामपंचायतीला आधी सांगा. नंतर कळलं की गावात उगाच शंका येते.

निंबोणीताई, गाडीच्या आरसीवर कॅम्पर म्हणून नोंद आहे का ते भाड्याने घेण्याआधी पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाने फेरफार करता येत नाही. नोंद नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते.

निंबोणी

आरसी मागवली. गाडीवाला दोन दिवस टाळत होता. शेवटी पाठवली तर साधी प्रवासी गाडी म्हणून नोंद, आत पलंग बसवलेले. ती रद्द केली. दुसऱ्याकडची मिळाली, हिची कॅम्पर म्हणून रीतसर नोंद आहे, भाडं थोडं जास्त. कॅसेटचं जैविक औषधही त्याच्याकडेच मिळालं.

पांदणदादा, आम्ही तुमच्याकडेच येतो. लग्नाचे दोन दिवस शहरात ये-जा करू, बाकीचे दिवस बरडावर. एका संध्याकाळी सिल्लारीकडे आभाळ पाहायला जाऊ, पण जंगलाच्या हद्दीत थांबणार नाही. रात्रीचं किती द्यायचं ते मोकळेपणाने सांगा, आणि वहिनींना जेवणाचे वेगळे. आई म्हणते, पुरणपोळी नको, तिला ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी हवी.

पांदण

ताई, जागेचे रात्रीचे ५०० घेतो, विजेचे मीटरप्रमाणे. जेवणाचं बायको म्हणते ते खरं, ते तुम्ही दोघी ठरवा. अंबाडी डिसेंबरात निबर होते, पण आमच्या परसात उशिरा लावलेली आहे, भेटन.

काम कुठवर आलं ते सांगतो. गाड्यांसाठी दोन जागा सपाट केल्या, मध्ये ६ मीटरपेक्षा जास्त सोडलं, चिंचेची फांदी उंचीला आडवी येत होती ती छाटली. मोहाच्या फांद्यांना हात लावला नाही. दोन खड्ड्यांचं काम सुरू आहे, बोअरपासून २५ मीटर, उताराखाली. कुंडाची उंची बायकोने ठरवली, मी ठरवली होती ती जास्त होत होती. मीटरचा अर्ज दिला. तोवर घरच्या मीटरवरून, आरसीसीबी लावून. वायरमनकडून पाहून घेतलं, शनिवारी व्होल्टभाऊ स्वतः येऊन अर्थिंग पाहणार आहेत.

व्होल्टभाऊ

येतो. रोडगे लागतील असं ठेचाभाऊंनी परस्पर जाहीर केलंच आहे.

शोषखड्डा

मीही येतो त्यांच्यासोबत. खड्ड्याच्या विटा जाळीदार लावल्या की भरीव, ते पाहायचं आहे. खालच्या थरात भरीव लावल्या असतील तर आत्ताच सांगा, गवंड्याला थांबवा.

पांदण

जाळीदारच आहेत, फोटो पाठवतो. ताई, येताना एवढं करा: समृद्धी शिवमडक्याला संपते, तिथून शहरात शिरू नका. बाहेरच्या रिंगरोडने कामठीकडे, कन्हान ओलांडून जबलपूर रस्ता धरा. मनसरच्या आधी फोन करा. उजेड असताना पोहोचा, पांदणीवर एका ठिकाणी कालव्याची मोरी अरुंद आहे, तिथं मी समोर उभा राहून गाडी काढून देतो.